दोन काठ्यांचा वारा

बहारीनला तू काय करत होतास, असं गावात कुणी विचारलं की मी छाती पुढे काढून सांगतो, "साहेबांच्या हातात काठ्या देत होतो." समोरचा माणूस जरा सावरून बसतो. त्याला वाटतं, मी पोलिसांत होतो. चहा येईपर्यंत मी त्याचा गैरसमज तसाच राहू देतो. चहा आला की खरं सांगून टाकतो. मी गोल्फच्या मैदानावर कॅडी होतो.

कॅडी म्हणजे चौदा काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन साहेबाबरोबर चालणारा माणूस. चेंडूपाशी पोचलं की चौदांतली नेमकी कोणती काठी काढायची, हे साहेब आपल्याला विचारतो. विचारत नसला तरी सांगायचं. हे काय काम झालं, असं तुम्हाला वाटेल. पण एक निवडायची म्हणजे तेरा नाकारायच्या असतात. ते किती जिवावर येतं ते लग्नाच्या मुलाच्या आईला विचारा.

सौदीचा पूल अजून झालेला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. मी तेविशीचा होतो. आता सखीरला मोटारींच्या शर्यती होतात म्हणे. त्याच अंगाला, तेलाच्या नळांच्या शेजारी आमचं मैदान होतं. मैदान कसलं, वाळूच. गवताची काडी नाही. पांढरे खुंटे रोवून हद्द आखलेली. प्रत्येक कॅडीच्या पिशवीला प्लास्टिकच्या गवताचा एक तुकडा अडकवलेला असायचा, पायपुसण्याएवढा. चेंडू खुंट्यांच्या आत पडला की तो तुकडा अंथरायचा, त्यावर चेंडू ठेवायचा आणि साहेब मारणार. म्हणजे आमचे साहेब आपापलं गवत बरोबर घेऊन हिंडायचे. हे मी घरी पत्रात लिहिलं, तर सुनंदेचं, माझ्या बायकोचं, उत्तर आलं, "मग तिथली गुरं काय खातात?"

जिथे चेंडू हलकेच ढकलून भोकात घालायचा ती जागा साऱ्या जगात हिरवी असते, म्हणून तिला ग्रीन म्हणतात. आमची वाळूत तेल कालवून, वर रोलर फिरवून केलेली. रंग तपकिरी, म्हणून तिचं नाव ब्राउन. वास गॅरेजचा. रोलर चालवायचा अबू जासिम, जवळच्याच गावातला बहारीनी म्हातारा. बाकी जगाला हिरवळीचा वास आला की गोल्फ आठवतो, मला अजून पेट्रोल पंपावर आठवतो.

या ब्राउनवर माणसं चालली की पावलं उमटतात आणि चेंडू भलतीकडे वळतो. म्हणून कडेला लांब दांड्याची एक फळी ठेवलेली असे, तिला खालून गोणपाट ठोकलेलं. साहेबाचा चेंडू ब्राउनवर आला की त्याच्या हातात पटर द्यायचा. पटर म्हणजे चेंडू जमिनीवरून सरपटत न्यायची काठी. मग फळी उचलायची आणि चेंडूपासून भोकापर्यंत ओढून वाट सारखी करायची. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. पटर दिला की फळी, पटर दिला की फळी. ब्राउनवर हे चालतं. ब्राउनच्या बाहेर मात्र चेंडूच्या वाटेतल्या वाळूला बोटसुद्धा लावायचं नाही. ती असेल तशी सोसायची. हा नियम ध्यानात ठेवा. मीही ठेवला होता.

काठ्यांचा हिशेब सोपा आहे. नंबर लहान, तर चेंडू खालून आणि लांब जातो. नंबर मोठा, तर उंच आणि जवळ. आमच्याकडे एक बँकेचे साहेब यायचे. त्यांना उंच मारायची भारी हौस. चेंडू आभाळात गेला की ते मान वर करून, तोंड उघडं टाकून बघत राहायचे. मग शमाल, म्हणजे आमच्याकडचा उत्तरेचा वारा, तो चेंडू उचलून शेजारच्या खेळणाऱ्यांच्या गळ्यात घालायचा. साहेब मला म्हणायचे, "दत्ताराम, चुकीची काठी दिलीस." मी म्हणायचो, "यस सर." नोकरीचं पहिलं वर्ष मी एवढंच बोललो.

मग मला डंकन साहेब भेटले आणि मी बोलायला लागलो. तो अजून थांबलेलो नाही.

डंकन साहेब रिफायनरीत इंजिनियर. स्कॉटलंडचे, साठीला टेकलेले, एकटे. कानात केस, नाकावर जाड चष्मा आणि अंगात बारा महिने तोच एक लोकरी स्वेटर. बहारीनमध्ये लोकरी स्वेटर! त्यांचं इंग्रजी मला वर्षभर निम्मंच कळलं. नंतर समजलं की ते इंग्रजांनाही कळत नसे, तेव्हा जीव भांड्यात पडला. त्यांच्या तोंडात दत्ताराम मावेना, म्हणून मी झालो डॅट.

पहिल्याच दिवशी मी त्यांना वेज काढून दिली. वेज म्हणजे चेंडू उंच उडवून धप्पकन जागच्या जागी टाकणारी काठी. ब्राउन वीस पावलांवर होता. त्यांनी वेजकडे असं बघितलं, जसं मी ताटात मेलेला उंदीर वाढलाय.

"हे काय?"

"वेज, सर."

"वारा वाहतोय ना रे? हवेत गेलेला चेंडू वाऱ्याच्या मालकीचा होतो. जमिनीवरून गेला तर माझा राहतो. पटर दे."

"सर, चेंडू बाहेर आहे. ब्राउनवर नाही."

"चेंडूला ते माहीत नाही. तू सांगू नकोस."

आणि त्यांनी बाहेरच्या खडबडीत वाळूतून, वीस पावलांवरून, पटरने चेंडू ढकलला. तो लंगडत, ठेचकाळत, इकडेतिकडे बघत निघाला आणि भोकाच्या काठाशी जाऊन बसला. मी चक्क टाळ्या वाजवल्या. कॅडीने टाळ्या वाजवायच्या नसतात.

हे त्यांच्या गावचं खेळणं. त्यांच्याकडे समुद्र आणि शेतं यांच्यामध्ये वाळूची एक पट्टी असते. वर आखूड, चिवट गवत. शेतीला नालायक, म्हणून तिथे गोल्फ खेळतात आणि त्या मैदानाला लिंक्स म्हणतात. वारा सतत. झाड एकही नाही. जमीन कडक, चेंडू पडला की पळत सुटतो. तिथे उंच मारणारा फसतो. सात नंबरची अर्धीच फिरवायची, चेंडू कमरेएवढा उडवायचा आणि पुढचं जमिनीवर सोपवायचं. "डॅट," ते म्हणायचे, "या बेटावर गवत नाही एवढंच. बाकी सगळं माझ्या गावासारखं आहे."

मला ती पट्टी चांगली ठाऊक होती. आमच्या गावीही सुरूच्या बनाच्या अलीकडे तशीच आहे, तिच्यावर आमच्या म्हशी चरतात. चरणाऱ्या म्हशींमधून सात नंबर कशी मारावी, यावर आम्ही दोघांनी एकदा तीन भोकं होईपर्यंत गंभीर चर्चा केली. म्हैस मध्ये आली तर चेंडू पुन्हा ठेवू द्यावा, असं शेवटी ठरलं.

त्या काळी घरचा फोन म्हणजे लग्नकार्य किंवा मयत. एरवी कॅसेट यायच्या. गावाहून कुणी आला की कॅसेट घेऊन यायचा आणि ती आम्ही खोलीत आठ जण मिळून ऐकायचो, दुसऱ्याच्या बायकोचा निरोप आला की भिंतीकडे तोंड करून. एकदा आमचा टेपरेकॉर्डर बिघडला आणि नेमकी सुनंदेची कॅसेट आली. डंकन साहेबांच्या गाडीत टेप होता. मी विचारलं. त्यांनी खिडक्या वर केल्या, टेप लावला आणि दोघं गाडीत बसलो.

सुनंदा ओटीवर बसून बोलत होती. छपराचे दोन नळे फुटलेत, काळ्या म्हशीला रेडकू झालं. मग मंजूला, माझ्या मुलीला, पुढे ओढलं. "बाबा म्हण. म्हण ना गं. बाबा." मंजू काही बोलली नाही. ती जन्मल्यापासून मी तिला एका सुट्टीपुरतं पाहिलं होतं, ती तरी काय बोलणार? त्या गप्पपणात नुसता वारा ऐकू येत होता आणि पलीकडे समुद्र.

साहेब डोळे मिटून ऐकत होते. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. टेप संपल्यावर म्हणाले, "पश्चिमेचा. दोन काठ्यांचा."

वारा आम्ही काठ्यांनी मोजायचो. शांत हवेत जिथे सात नंबर पुरते, तिथे पाच नंबर काढावी लागली, तर तो दोन काठ्यांचा वारा. माझ्या ओटीवरचा वारा या माणसाने बहारीनमध्ये गाडीच्या काचा बंद करून मोजला. आणि बरोबर मोजला. आमचं घर पश्चिमेला तोंड करूनच आहे.

"ही बाई कोण?" त्यांनी विचारलं.

"वाइफ, सर."

"मग ती तिथे काय करतेय?"

आता काय सांगू? कॅडीला फॅमिली व्हिसा नसतो. क्वार्टर नसते. दोन वर्षांनी एकदा सुट्टी. पण त्याच हिवाळ्यात आमचा जुना कॅडीमास्तर घरी परत जाणार होता. सगळ्या कॅडींवरचा माणूस तो. त्याला क्लबच्या मागे दोन खोल्या होत्या आणि फॅमिली व्हिसा. त्या जागेसाठी माझं नाव होतं आणि केरळच्या जोसेफचं. ठरवणार क्लबचे सेक्रेटरी, पार्कर साहेब. त्यांनी मला एकदा बोलावून म्हटलंही होतं, "कपची फायनल होऊ दे, दत्ताराम. मग बघू. तू माझ्या डोक्यात आहेस."

मी घाईघाईने सुनंदेला लिहून टाकलं. तिने पासपोर्टसाठी रत्नागिरीला जाऊन फोटो काढला. एक मला पाठवला. त्यात ती फोटोग्राफरवर चिडल्यासारखी दिसते. त्या दोन खोल्यांना मी बाहेरून किती चकरा मारल्या असतील! चूल कुठे, मंजूचा पाळणा कुठे. ती पाळण्यातून केव्हाच उतरली होती, पण मला ते कुठे माहीत?

आणि फायनलला आले कोण? पार्कर साहेब आणि डंकन साहेब.

डंकन साहेब त्याआधी दोनदा फायनल हरले होते आणि पुढच्या आठवड्यात रिटायर होऊन कायमचे जाणार होते. आमच्या क्लबात फायनलचे कॅडी चिठ्ठ्या टाकून ठरत, म्हणजे कुणाला आपला नेहमीचा माणूस मिळू नये. चिठ्ठ्या उचलायचे इस्माईलभाई, आमचे स्टोअरकीपर. दाभोळ खाडीकडचे, माझ्या गावापासून दोन कोसांवरचे. त्यांनी चिठ्ठी उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दत्ता, तुझा नशीब उघडला बघ. पार्कर साहेब. आता त्यांना जिंकव आणि वहिनीला घेऊन ये. माझी खटारा गाडी एअरपोर्टला लावतो."

शुक्रवारी सकाळी शमाल सुटला होता. अबू जासिम रोलरवरून ओरडला, "शमाल! खलास गोल्फ! यल्ला, घरी चला." कुणी ऐकलं नाही.

पार्कर साहेब उंच मारणारे. पण त्या दिवशी मी त्यांना उंच मारूच दिलं नाही. जे जे डंकन साहेबांनी मला शिकवलं, ते ते मी त्यांच्यासमोर त्यांच्याविरुद्ध वापरलं. पाच नंबर, अर्धी. सात नंबर, पावच. पार्कर साहेब सुरुवातीला कुरकुरले, मग निमूट माझ्या हातातून काठी घ्यायला लागले. डंकन साहेब बाजूने चालत. मी बरोबर काठी काढली की घसा खाकरत. एकदा मी चार नंबरला हात घातला तेव्हा चक्क मान हलवली, नको म्हणून. मी ती परत ठेवली आणि पाच काढली. समोरच्याच्या कॅडीला शिकवणारा खेळाडू मी पुन्हा पाहिला नाही.

कमी फटक्यांत चेंडू आत घालेल त्याचं ते भोक. सतरा भोकं झाली, दोघं बरोबरीत. अठराव्यावर, म्हणजे शेवटच्या भोकावर, डंकन साहेबांचा चेंडू ब्राउनवर आला, पण पार पलीकडच्या काठाला. पार्कर साहेबांचा सात-आठ पावलं बाहेर थांबला. मध्ये वाळू सकाळपासूनच्या पावलांनी उखणलेली.

"वेज," पार्कर साहेब म्हणाले.

"पटर, सर."

"वेडा आहेस का? बाहेर आहे चेंडू."

"पटर, सर. वारा बघा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भोकात रोवलेल्या झेंड्याकडे. "ठीक आहे. पटर." तो हातात घेऊन ते भोकाच्या पलीकडे गेले, तिकडून उतार बघायला, माझ्याकडे पाठ करून. डंकन साहेब वाऱ्याकडे पाठ फिरवून चष्मा पुसत होते. त्यांचा कॅडी झेंडा धरायला गेला होता.

आणि मी फळी ओढली.

ठरवून नाही हो. पटर दिला की फळी! हाताला तेवढंच ठाऊक. ब्राउनच्या बाहेर पटर फक्त डंकन साहेब मागायचे, आणि तेव्हा फळीच्या आधी ते माझ्यावर डोळे वटारायचे. आज डोळे वटारायला कुणी नव्हतं. चेंडूपासून ब्राउनच्या काठापर्यंत मी सुंदर, सपाट वाट केली, फळी जागेवर ठेवली आणि मग मला दिसलं, चेंडू बाहेर आहे.

पार्कर साहेब परत आले. वाट बघून त्यांना काही वाटलं असेल तर दिसलं नाही. त्यांनी चेंडू ढकलला. तो जाजमावरून गेल्यासारखा गेला आणि भोकापासून वीतभर अंतरावर थांबला. डंकन साहेबांनी लांबून मारला तो कमी पडला. दुसरा चुकला. पार्कर साहेबांनी आपला चेंडू आत टाकला. झालं. व्हरांड्यातून टाळ्या आल्या.

पार्कर साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. सगळ्यांसमोर, कॅडीशी! "उद्या सकाळी ऑफिसात ये, दत्ताराम," ते म्हणाले. "त्या दोन खोल्यांना रंग द्यावा लागेल."

डंकन साहेब टोपी काढून उभे होते. हसत होते. वाऱ्याने त्यांचे चार केस उभे राहिले होते.

"सर," मी म्हटलं. "फळी."

"कसली फळी?"

"चेंडू बाहेर होता, सर. मी फळी ओढली."

पार्कर साहेबांनी वाळूकडे बघितलं. वाट तिथेच होती, माझ्या हातची, गोणपाटाच्या रेघांसकट. असं केलं की ते भोक समोरच्याचं. ते भोक समोरच्याचं म्हणजे कपही समोरच्याचा. त्यांचा चेहरा लाल झाला, पण माणूस सरळ. त्यांनी डंकन साहेबांना हात दिला आणि म्हणाले, "तू जिंकलास."

डंकन साहेबांनी कप घेतला, फोटो काढून घेतला. मग मला गाड्यांच्या मागे गाठलं. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मूर्खा, बोललास कशाला?"

"नियम आहे, सर."

"नियम मला माहीत आहे! माझ्या गावात जन्मलाय तो. पण तुझी बायको येणार होती ना?"

त्यांनी पार्कर साहेबांकडे जाऊन माझ्यासाठी रदबदली केली. कप परत देतो म्हणाले, असं इस्माईलभाईंनी नंतर सांगितलं. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी पार्कर साहेबांनी मला बोलावून खुर्चीवर बसवलं. "तू सांगितलंस ते चांगलं केलंस," ते म्हणाले. "पण कॅडीमास्तरने सगळ्यांना नियम शिकवायचे असतात. अठराव्या भोकावर ज्याचा हात चुकतो, त्याला मी ती जागा कशी देऊ?" मी आजवर त्यात खोट काढू शकलेलो नाही. जोसेफची बायको उन्हाळ्याआधी आली. चांगली बाई. मला लोणचं द्यायची.

इस्माईलभाई मात्र आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी व्हरांड्यातून बघत होतो रे. मी एकट्याने बघितलं. म्हटलं, खुदाने वरून परदा टाकलाय. तू कशाला उचललास?"

डंकन साहेबांचं एक पत्र आलं. त्यांच्या लिंक्सवर ते रोज जातात, गवत ओलं असतं, आणि इथे पटर मागितला की कॅडी वाद घालत नाही, त्यामुळे मजा येत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. मी उत्तर लिहिलं. पुढे काही आलं नाही.

मी त्यानंतर आठ वर्षं तिथे काढली. दर सुट्टीत मंजू आईच्या मागून माझ्याकडे बघायची आणि ओळख पटेपर्यंत माझी परतीची तारीख यायची. ऐंशीचं दशक संपता संपता मी कायमचा आलो. आता तिथे खरं हिरवं गवत लावलंय म्हणतात, पाणी पाजून. मला बघवणार नाही. मला ती तेलकट तपकिरी जागा हवी आहे, तो गॅरेजचा वास, शमाल, आणि घसा खाकरणारा तो म्हातारा. आणि हेही खरं, की तिथे असताना मला रोज इथली ओटी हवी होती. माझं असंच आहे. मी जिथे नसतो तिथला असतो.

परवा हा लेख लिहायला बसलो तेव्हा सुनंदा शेजारी कोकमं निवडत होती. मी तिला फायनल वाचून दाखवली, हातवारे करून, डंकन साहेबांचा आवाज काढून. ती हसली. मग हात पुसत म्हणाली, "अहो, एक विचारू? समोर तो म्हातारा नसता, दुसराच कुणी असता, तर बोलला असतात?"

"अगं, त्याचं असं आहे," मी सरसावून बसलो, "गोल्फचा नियम जो असतो ना…"

"नियम नको. हो का नाही, तेवढं सांगा."

वारा पश्चिमेचा होता. आयुष्यभर बोलून खाल्लेला माणूस मी. तिच्याकडे बघत राहिलो. ती थांबली, चांगली थांबली. मग सूप उचललं आणि आत जाता जाता म्हणाली,

"असं गप्प तेव्हा बसायचं होतं."